एका इंग्रजी शब्दाचे मराठी वाटेकरी

इंग्रजीतील ‘पॉवर’ हा शब्द आज साताऱ्याच्या कचेरीतील कारकुनापासून सांगलीच्या हळदबाजारातील हमालापर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. परंतु इंजिनाचा जोर, दंडाधिकाऱ्याची हुकमत, भिंगाचा गुण, विजेचा पुरवठा आणि गणितातील घात अशा परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या अर्थांचे ओझे तो एकटा वाहतो, आणि फोर्स, एनर्जी, स्ट्रेंग्थ, ऑथॉरिटी हे त्याचे सगोत्रही बोलण्याच्या ओघात एकमेकांच्या जागा सर्रास घेतात, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. मराठीने अर्थाचा हा मुलूख एका शब्दाच्या हवाली केला नाही. मोल्सवर्थने आरंभिलेला आणि कँडीने १८४७ साली सिद्धीस नेलेला इंग्रजी-मराठी कोश चाळला, तरी एका इंग्रजी शब्दाला किती मराठी वाटेकरी असू शकतात हे कळते. ही वाटणी नुसत्या कोशाच्या पानांवर नव्हे, तर प्रत्यक्ष व्यवहारात पाहावयाची, तर कृष्णाकाठच्या या दोन जिल्ह्यांइतके सोयीचे स्थळ मला दुसरे दिसत नाही.

शास्त्रीय लेखनापुरती ही वाटणी निश्चित करण्याचे मोठे काम वाईस झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोश सिद्ध होत असता आधी प्रसिद्ध झाला तो पहिला खंड नव्हे, तर परिभाषासंग्रहाचा अठरावा. तो १९७३ साली निघाला, आणि पहिला खंड १९७६ साली. हा क्रम मला सर्वथा योग्य वाटतो, कारण संज्ञा पक्क्या होण्यापूर्वी नोंदी लिहावयास बसणे म्हणजे वजनेमापे ठरण्यापूर्वी बाजार भरविणे होय. विश्वकोशाने फोर्सला ‘प्रेरणा’, एनर्जीला ‘ऊर्जा’ आणि पॉवरला ‘शक्ती’ म्हटले. शालेय पाठ्यपुस्तकांत मात्र प्रेरणेऐवजी ‘बल’ रुळले. आणि ‘प्रेरणा’ हा शब्द मनोव्यापारात आधीच गुंतलेला असल्यामुळे पाठ्यपुस्तकांची निवड मला अधिक निर्दोष वाटते.

ऊर्जा आणि शक्ती यांतील भेद पंडितांपुरता आहे असे कोणी समजू नये. औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली, तेथे आधी नांगर आणि पुढे पंप तयार होऊ लागले, आणि त्यांच्यामागोमाग ‘अश्वशक्ती’ हा शब्द शिवारात उतरला. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॉट. विहिरीवरची पाच अश्वशक्तीची मोटर तासभर चालो की रात्रभर, तिची शक्ती पाचच राहते. वाढते ती खर्च झालेली ऊर्जा, आणि विजेच्या बिलात जे युनिट मोजले जाते ते ऊर्जेचे. ‘मोटर किती एचपीची’ आणि ‘युनिट किती पडले’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे प्रत्येक बागायतदार जाणतो. कार्य करण्याची क्षमता ती ऊर्जा आणि कार्य होण्याचा वेग ती शक्ती, ही शास्त्राची व्याख्या त्याच्या अनुभवापलीकडे काहीच सांगत नाही. पाटण तालुक्यात कोयनेवर बांधलेल्या धरणाने शिवसागरात जे पाणी उंचावर अडवून धरले आहे, ती साठविलेली ऊर्जा. सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून ते पाणी पश्चिमेस पोफळीकडे उतरविणाऱ्या प्रकल्पाची जी १,९६० मेगावॉट क्षमता सांगतात, ती शक्ती.

संस्कृतात या शब्दांची कूळकथा निराळीच आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढील काळातील केवलानंद सरस्वती, यांच्यापाशी ज्यांनी अध्ययन केले, त्यांच्या लेखी ‘शक्ती’ म्हणजे प्रथमतः शब्द आणि अर्थ यांना जोडणारा संबंध, आणि ‘सत्ता’ म्हणजे असणे, वस्तूचे अस्तित्व. असणे या निरुपद्रवी अर्थाचा शब्द मराठीत हुकमतीचा वाचक व्हावा, हे स्थित्यंतर मोठे मननीय आहे.

फारशी अमदानीने या वाटणीत आपला हिस्सा घातला: अंमल, हुकूमत, अखत्यार, ताकद, कुवत आणि मुखत्यारी. यांपैकी मुखत्यारीचा इतिहास साताऱ्याच्या राजवाड्याशी निगडित आहे. १७४९ साली शाहू महाराज निवर्तले, आणि पुढील वर्षी सांगोल्याच्या कराराने राज्यकारभाराची मुखत्यारी पेशव्यांच्या हाती गेली. तरीही प्रत्येक नव्या पेशव्याला वस्त्रे मिळावयाची ती साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच. अधिकार साताऱ्यात आणि सत्ता पुण्यात अशी ही स्थिती इंग्रजीतील त्या एका शब्दाने सांगू गेल्यास दोन वाक्यांचे स्पष्टीकरण जोडावे लागते. मराठीत दोन शब्द पुरतात. आजही जमिनीच्या व्यवहारासाठी पुण्या-मुंबईचा मुलगा गावाकडच्या चुलत्याला देतो ते ‘मुखत्यारपत्र’च, आणि भारतीय संविधानाच्या हिंदी पाठात जेथे ‘शक्ति’ येते तेथे मराठी पाठ ‘अधिकार’ म्हणतो, आणि ‘हक्क’ नागरिकाकडे राखून ठेवतो. हा विवेक मला फार मोलाचा वाटतो.

साताऱ्याच्या दरबारात पेशव्यांशी स्पर्धा करणाऱ्या प्रतिनिधी घराण्यातील औंधचे अधिपती भवानराव यांनी १९३९ साली, महात्मा गांधींच्या सल्ल्याने आखलेल्या राज्यघटनेद्वारे, आपले अधिकार स्वेच्छेने प्रजेच्या हवाली केले. त्याच संस्थानातील कुंडल हे गाव पुढे चारच वर्षांत क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचे प्रमुख केंद्र बनले. या सरकारला कोणी वस्त्रे दिली नव्हती, की कोणत्या कायद्याने अधिकार बहाल केला नव्हता. तरीही १९४३ ते १९४६ या काळात त्याच्या न्यायदान मंडळांपुढे गावोगावचे तंटे तुटत होते, तुफान सेना बंदोबस्त राखीत होती, आणि सातारच्या कलेक्टराच्या दप्तरी सर्व अधिकार शाबूत असूनही पुष्कळ गावांत त्याचा अंमल उरला नव्हता.