नीरेच्या फुगवट्यात आपली होडी

पुण्याहून साताऱ्याकडे येताना सारोळ्याचा पूल ओलांडला की शिरवळ येतं आणि खंडाळा तालुका सुरू होतो. हा खंडाळा साताऱ्याचा. लोणावळ्याच्या शेजारचा नव्हे. पुलाखालून वाहणारी नीरा पुढे वीर धरणाच्या फुगवट्यात ऐसपैस पसरते. पावसाळा सरल्यावर हे भरलेलं पाणी दिसलं की गाडीतलं कुणीतरी म्हणतंच, ‘‘आपली एखादी बोट असती तर!’’ समोरून उत्तरही ठरलेलं असतं, ‘‘बोट म्हणजे काय स्कूटर वाटली का?’’

गंमत म्हणजे, हिशेब नीट मांडला तर छोट्या बोटीचं तेल स्कूटरच्याच जातीचं निघतं. अट एकच, घाई सोडायची.

होडी पाणी कापत जाते तेव्हा स्वतःचीच एक लाट उठवते, आणि तिचा वेग त्या लाटेला बांधलेला असतो. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढून 1.34 ने गुणायचं. येणारा आकडा म्हणजे सागरी मैलांतला ताशी वेग. 14 फुटी होडीसाठी तो पाचच्या आसपास, म्हणजे ताशी नऊ-साडेनऊ किलोमीटर. या वेगाला चार-पाच अश्वशक्तीचं इंजिन पुष्कळ झालं. त्याहून जोरात जायचं तर होडीला स्वतःची लाट चढून पाण्यावर घसरत जावं लागतं, आणि त्यासाठी ताकद कित्येक पटींनी लागते. पैसा जातो तो या चढणीवर.

पेट्रोलचा ठोकताळाही सोपा आहे. पूर्ण जोरात चालणारं मागे टांगायचं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड, दर दहा अश्वशक्तीला तासाला पावणेचार लिटरच्या आसपास पितं. म्हणजे पाच अश्वशक्तीला दोन लिटरांहून थोडं कमी. नदीवरच्या दिवसात इंजिन खरं चालतं तीन तास. उरलेला वेळ डबा, पोहणं आणि गळ टाकून बसण्यात जातो. सहा लिटर धरले आणि पेट्रोल शंभराच्या पुढे धरलं, तर खर्च सहाशे-साडेसहाशेच्या घरात. हेच चाळीस अश्वशक्तीचं इंजिन लावून सुसाट सोडलं, तर एका तासालाच पंधरा लिटर.

पाच अश्वशक्तीचं, वजनाला पंचवीस किलोच्या आसपासचं आउटबोर्ड दोघांना सहज उचलता येतं. या जातीच्या इंजिनाची घरोघर ओळख झाली ती अमेरिकेत 1909 पासून, ओल एव्हिनरूडमुळे. वाग्दत्त वधूसाठी आइस्क्रीम आणायला तो तळं वल्हवत गेला, परत येईपर्यंत ते वितळलं आणि त्यातून इंजिनाची कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. खरीखोटी कोण जाणे, पण घरच्यांच्या हौसेपायी यंत्र जन्माला येणं ही गोष्ट पटण्यासारखी आहे.

बोटीत माणसं किती बसवायची, याचंही एक जुनं गणित आहे. लांबी आणि रुंदी फुटांत गुणायची आणि पंधराने भागायचं. चौदा बाय पाचची होडी असेल तर उत्तर येतं साडेचारच्या थोडं वर, म्हणजे माणसं चारच. पाचवं आग्रहाने बसवायचं नाही, मग ते मेहुणे का असेनात. कृष्णाकाठाला हे वेगळं सांगायला नको. 8 ऑगस्ट 2019 रोजी महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ इथे माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली आणि 17 जणांचा जीव गेला. 21 मे 2024 च्या संध्याकाळी उजनीच्या फुगवट्यात कुगाव-कळाशीदरम्यान वादळी वाऱ्याने बोट बुडाली. सहा जण दगावले. म्हणून लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर हवं, बाकाखाली नव्हे. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर बोट काठालाच बरी. धरणातून विसर्ग सुरू असताना खालच्या नदीपात्रात तर उतरूच नये.

घोडं अडतं ते मात्र कागदावर. 1917 च्या जुन्या कायद्याची जागा आता अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 याने घेतली आहे. इंजिन लागलं की नोंदणी आणि तपासणी आली. महाराष्ट्रात त्यासाठी मेरीटाइम बोर्डाचं दार ठोठावावं लागतं. शिवाय धरणाचं पाणी जलसंपदा विभागाचं, त्यामुळे तिथली परवानगी वेगळी. शहाण्याने बोटीच्या आधी पाणी ठरवावं: कुठे सोडायची, कुणाची परवानगी, उन्हाळ्यात पाणी मागे सरल्यावर काठचा गाळ ओलांडून ती न्यायची कशी.

बोट सोबत न्यायची तर ट्रेलर घ्यावा आणि त्याचीही आरटीओत नोंदणी करावी, किंवा सरळ छोटा हत्ती भाड्याने सांगावा. हवा भरून फुगवायची रबरी बोट हा तिसरा मार्ग. ती घडी होऊन डिकीत बसते. विजेची छोटी मोटरही मिळते. बारा व्होल्टची, पूर्ण जोरात पन्नास अँपिअर ओढणारी मोटर शंभर अँपिअर-तासांच्या साध्या लेड-अॅसिड बॅटरीवर तासभर धरावी, कारण अशी बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर खराब होते. सावकाश चालवली तर बराच जास्त वेळ मिळतो, शिवाय आवाज नाही आणि पाण्यावर तेलाचा तवंग नाही.

वर्षात चार-पाचदाच जाणं होणार असेल, तर घेण्याचा विचार सोडावा आणि खंबाटकी, वाई, महाबळेश्वर करत तापोळा गाठावं. कोयनेचं शिवसागर साठच्या दशकात भरलं आणि कांदाटी खोऱ्यातली गावं तुटली. तेव्हापासून लाँच ही इथल्या लोकांची एसटीच. तापोळा-बामणोलीच्या बोट क्लबांत स्थानिकांच्याच बोटी भाड्याने मिळतात आणि चालवणाऱ्याला पाण्याची खोड ठाऊक असते. रोज बोट घेणाऱ्या गाववाल्यांचा हिशेब आणि रविवारच्या पाहुण्याचा हिशेब एक नाही.

ज्यांना तरीही स्वतःचीच हवी, त्यांनी दोन-तीन घरांनी मिळून घ्यावी. मोडतोड बहुतेक सारख्याच कारणांनी होते: पंख्यात जलपर्णी गुरफटते किंवा गाळाचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवणारा पंप झिजतो. म्हणून घरी आल्यावर इंजिन पिंपातल्या स्वच्छ पाण्यात उभं करून दहा मिनिटं चालवायचं. होडी पावसाळ्यात शेडखाली पालथी घालून ठेवायची. आत पाणी साचत नाही आणि उंदरांनाही घर मिळत नाही.