शिकारीच्या रानाचे मूल्यमापन : साखरखेर्डा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये प्रारंभी लहान शिकारीसाठी परवान्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती रद्द झाली. तथापि, रान पारखण्याची शिकाऱ्याची दृष्टी आज संवर्धनास उपयुक्त ठरते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन : रानाचा आवाका केवळ क्षेत्रफळावरून ठरत नाही. तितर उघड्यावर चरतो आणि झुडपात लपतो. म्हणून शेत व झुडूप जेथे मिळतात ती कड महत्त्वाची असते. ४० हेक्टरच्या एका चौरस तुकड्याची कड सुमारे २.५ किलोमीटर भरते. तेच क्षेत्र १० हेक्टरच्या चार सुट्या चौरसांत विभागल्यास ती सुमारे ५ किलोमीटर होते.

रानाचा दर्जा मुख्यतः पाणी, विणीच्या काळात न कापलेले गवत आणि कीटक यांवर अवलंबून असतो. पिलांचे सुरुवातीचे खाद्य प्रामुख्याने कीटकच असते. सबब, वारंवार फवारणी झालेले हिरवेगार सोयाबीनही त्यांच्या दृष्टीने निकृष्ट रान ठरते. फासेपारधी समाजाने अशी पारख पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे.

निष्कर्ष : सातबाऱ्यावर जी जमीन 'पोटखराबा' म्हणून नोंदली जाते, तीच बहुधा उत्तम रान असते. साखरखेर्डा परिसरातील बांध, नाल्यांचे काठ व गायरान यांची पाहणी महाविद्यालयांनी याच निकषांवर करावी. बांध कोरला की शेताचे क्षेत्र थोडे वाढते. रान मात्र नाहीसे होते.