पानिपतचा लेख आणि त्यामागील दाखले

पानिपतच्या तिसऱ्या युद्धाविषयी काहीच ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. आणि त्या युद्धावरचा जालावरील ज्ञानकोशातला लेख सुधारणे दुष्कर होऊन बसते ते नेमके याच कारणाने. ज्या विषयाची गंधवार्ता नाही त्याच्या नोंदीत चार ओळी घालू पाहणारा मनुष्य निदान एखादे पुस्तक उघडतो. पण भाऊसाहेब, विश्वासराव, दत्ताजी, नजीबखान ही नावे ज्याच्या कानांवर बाळपणापासून पडत आली तो पुस्तकाच्या वाटेस न जाता स्मरणावर विसंबतो, आणि कीर्तन, कादंबरी, नाटक व शाळेतला धडा यांतून मनात जे जे साचले ते सारे सारख्याच आत्मविश्वासाने नोंदीत उतरवतो.

केतकरांचा ज्ञानकोश किंवा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी घडविलेला मराठी विश्वकोश यांच्यामागे संपादकमंडळ उभे होते, आणि त्या मंडळाच्या अधिकारावर वाचक विश्वास ठेवी. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात लिहिणारा कोणीही असू शकतो. सबब तेथे अधिकार लेखकाचा नसून दाखल्याचा असतो. प्रत्येक फेरफार कोणी, कोणत्या घटकेस केला याची नोंद लेखाच्या ‘इतिहास’ पानावर कायम राहते, वादाचा मजकूर ‘चर्चा’ पानावर रुजू होतो, सर्वसाधारण प्रश्न ‘चावडी’वर येतात, आणि ज्या विधानामागे आधार नाही त्याच्या शेजारी ‘संदर्भ हवा’ अशी पाटी लागते. दफ्तरखान्यात वावरलेल्या माणसाला ही व्यवस्था मुळीच परकी वाटणार नाही.

आता सैन्यबळाचा रकाना पाहा. तेथे एकच आकडा ठणकावून लिहिण्याचा मोह अनावर असतो. काशीराज पंडिताने आपल्या फारसी हकिकतीत अब्दालीच्या बाजूस सुमारे ४१,८०० स्वार व ३८,००० प्यादे, आणि मराठ्यांकडे ५५,००० स्वार, १५,००० प्यादे व त्यांखेरीज १५,००० पेंढारी अशी मोजदाद दिली आहे. परंतु हा गृहस्थ शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, म्हणजे त्याने युद्ध पाहिले ते विरुद्ध गोटातून. त्याने ते लिहून काढले पुष्कळ वर्षांनी. आणि इंग्रजी वाचकांपर्यंत ते पोहोचले अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स ब्राउनने केलेल्या तर्जुम्यातून. जदुनाथ सरकारांनी उपलब्ध साधने पारखून निराळे अंदाज बांधले. अशा वेळी दोहोंची सरासरी काढणे हा शुद्ध अविचार होय. कोणता आकडा कोणाचा, तो कोणत्या बाजूचा व किती काळानंतरचा, हे वाक्यातच सांगावे.

दुसरे उदाहरण संक्रांतीचे. युद्ध १४ जानेवारी १७६१ रोजी, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ या दिवशी झाले. आणि आज संक्रांत बहुधा १४ जानेवारीला येत असल्यामुळे ते ऐन संक्रांतीच्या दिवशी झाले अशी समजूत सर्वत्र रूढ झाली. वस्तुतः आपले निरयन सौर वर्ष इंग्रजी वर्षाहून किंचित मोठे असल्याने संक्रांतीची तारीख सावकाश पुढे सरकत आली आहे. स्वामी विवेकानंद १२ जानेवारी १८६३ रोजी जन्मले तो दिवस संक्रांतीचा होता. त्याच्या आणखी शंभर वर्षे मागे गेल्यास ती १० जानेवारीच्या सुमारास पडते. पण गंमत अशी, की संपादकाने हे गणित स्वतःच मांडून लेखात घातले तर त्यावर स्वतंत्र संशोधनाची हरकत येऊ शकते. त्याने एखाद्या छापील जंत्रीचा वा इतिहासग्रंथाचा दाखला शोधावा हेच बरे. हा नियम प्रथमदर्शनी जाचक भासतो, परंतु तो नसता तर प्रत्येक हौशी पंडिताने पानिपतची लढाई आपल्या सोयीच्या तिथीस लढवली असती.

खरी कसोटी लागते ती मल्हारराव होळकरांपाशी. ते रणांगणातून निघून गेले ही घटना. का गेले, हा मात्र तर्क, आणि त्या तर्काला नजीबखानाशी असलेल्या त्यांच्या जुन्या संबंधापासून भाऊसाहेबांच्या आज्ञेपर्यंत नाना पाठ आहेत. निःपक्षपाती लेखात घटना एका वाक्यात येते आणि हेतू दुसऱ्या वाक्यात, तोही ज्याने सांगितला त्याच्या नावानिशी. भाऊसाहेबांची बखर येथे त्याज्य नाही. समाजाने तो प्रसंग कसा मनात साठवला याचा पुरावा म्हणून तिचे मोल फार मोठे आहे. मात्र कोणत्या तुकडीने केव्हा हल्ला चढवला हे ठरविण्यास राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडात छापलेली समकालीन पत्रे, पेशवे दफ्तरातील निवडक कागद आणि त्र्यं. शं. शेजवलकरांचे विवेचन यांचीच रुजवात घ्यावी लागते. शेजवलकरांनी भाऊसाहेबांवरचे पुष्कळ ठपके पुसून काढले. तोही एक पक्षच आहे, आणि त्यांच्याविषयी कितीही आदर असला तरी लेखात तो पक्ष म्हणूनच यावा.

आमच्या मते अशा लेखांचा सर्वात मोठा दोष म्हणजे एका दिवसाच्या रणधुमाळीने अडवलेली जागा. ऑगस्ट १७६० मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली, ऑक्टोबरात कुंजपुरा पडला, त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून दक्षिणेचा मार्ग अडवून बसला, डिसेंबरात रसद पुरविणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि बिनलढवय्या जमावासह ती प्रचंड छावणी उपासमारीने खंगत गेली. निकाल बराचसा या महिन्यांतच लागला होता, तेव्हा त्यांना दोन ओळींत गुंडाळणे न्याय्य नव्हे. तसेच ‘परिणती’च्या रकान्यात पराभवाला पराभवच म्हणावे. अब्दाली लवकरच परतला आणि दहा वर्षांनी महादजी शिंद्यांच्या फौजा पुन्हा दिल्लीत आल्या, हे खरे असले तरी त्याची जागा पुढील प्रकरणात. तोफखाना घेऊन मराठ्यांकडून लढलेला इब्राहिमखान गारदी युद्धानंतर मारला गेला, हे ज्याच्या ध्यानी आहे तो या युद्धाला केवळ दोन धर्मांचा संग्राम म्हणून चितारणार नाही.

हे काम करू इच्छिणाऱ्या वाचकाने संपूर्ण लेख नव्याने लिहिण्याच्या भरीस पडू नये. आधार नसलेले एकच विधान निवडावे, ग्रंथालयात जाऊन मूळ ग्रंथ पाहावा, ग्रंथाचे नाव, आवृत्ती व पृष्ठांक नोंदवावा, परिच्छेद जसाच्या तसा न उतरवता आपल्या शब्दांत लिहावा, आणि फेरफाराचे कारण चर्चा पानावर टिपून ठेवावे. आधार न सापडल्यास ते विधान, कितीही रम्य असो, निःशंक वगळावे.