सीटी स्कॅन नॉर्मल, तरी मूल विसरतंय? डोक्याला मार लागलेल्या मुलांची बौद्धिक चाचणी कशी होते, जाणून घ्या

पालघर : मनोर-चारोटीचा महामार्ग असो की बोईसर-तारापूरचा वर्दळीचा रस्ता, बाईकवर पुढे-मागे बसवलेली मुलं अपघातात डोक्यावर आपटतात. कुणी झाडावरून पडतं. टाके निघतात, सीटी स्कॅन नॉर्मल येतो. पण काही महिन्यांनी शाळेतून तक्रार येते : लक्ष नाही, पाढे विसरतो, लगेच चिडतो. घरचे म्हणतात, आळशी झालाय.

हा आळस नसेलही. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा हाड मोडलेलं दिसतं. मुलाच्या लक्षात किती राहतं, विचार किती वेगाने होतो, हे दिसत नाही. ते मानसशास्त्रज्ञाच्या चाचणीतून कळतं.

चाचणीत काय असतं?
सुई नाही, मशीन नाही. आकडे ऐकवून उलट क्रमाने म्हणायला लावतात, ठोकळ्यांची नक्षी जुळवायला देतात, शब्दांचे अर्थ विचारतात. नागपूरच्या डॉ. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बसवलेली चाचणी ६ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी वापरतात. ही 'वेडाची तपासणी' नाही.

पालकांनी काय सांगावं?
• फक्त एकूण आयक्यूवर थांबू नका. तो ठीक असला तरी लक्ष, स्मरणशक्ती आणि वेग कमी झालेला असू शकतो. ते वेगळं तपासायला सांगा.
• घरी वारली, हिंदी किंवा दुसरी भाषा बोलत असाल तर आधीच सांगा. शब्द माहीत नसणं म्हणजे मेंदूचा दोष नव्हे.
• अपघाताआधीचं प्रगतिपुस्तक आणि दवाखान्याचे कागद सोबत न्या.

एकदा केली की झालं?
नाही. पहिल्या काही महिन्यांत मेंदू सावरत असतो, म्हणून चाचणी पुन्हा करावी लागते. लहान वयात मार लागला असेल तर अडचण काही वर्षांनी, अभ्यास वाढल्यावर दिसते. त्यामुळे जुना अपघातही डॉक्टरांना सांगा.

कुठे विचारायचं?
सरकारी रुग्णालयात, किंवा शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला. हे पथक १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासून पुढे पाठवतं. अहवाल शिक्षकांना दाखवा : पुढच्या बाकावर जागा, एका वेळी एकच सूचना, पेपरला जास्त वेळ, एवढ्यानेही फरक पडतो.

हे थांबू नका : मार लागल्यावर वारंवार उलट्या, गुंगी, आकडी किंवा एका बाजूला अशक्तपणा आला तर लगेच १०८ला फोन करा. आणि बाईकवर चार वर्षांवरील मुलाला हेल्मेट कायद्यानेच सक्तीचं आहे.