चला, असिंटच्या पायवाटांवर!

स्कॉटलंडला जाणारा भारतीय पर्यटक बहुधा एडिंबरोचा किल्ला पाहतो, लॉख नेसच्या काठावर फोटो काढतो आणि माघारी फिरतो. त्याच्याही वर, वायव्य किनाऱ्यावर असिंट नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे शहर नाही, रेल्वे नाही. लॉखिनव्हर हे मासेमारीचे छोटेसे बंदर हीच काय ती मोठी वस्ती. अशा ठिकाणी आठवडाभर घर भाड्याने घेऊन राहायचे, तर रोज करायचे तरी काय? उत्तर सोपे आहे. बूट घालायचे आणि चालायला लागायचे! त्यासाठी गिर्यारोहक असण्याची गरज नाही. मुलांना बरोबर घेऊनही जमतील अशा वाटा इथे पुष्कळ आहेत.

दीपगृहापासून 'म्हाताऱ्या'पर्यंत

पहिल्याच दिवशी स्टोरचे दीपगृह गाठा. १८७० मध्ये ते डेव्हिड आणि थॉमस स्टीव्हन्सन या अभियंता बंधूंनी उभारले. 'ट्रेझर आयलंड'चा लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा यातल्या थॉमसचा मुलगा. दीपगृहापासून कड्याच्या कडेकडेने निघालेली वाट 'स्टोरचा म्हातारा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुळक्यासमोर येते. भर समुद्रात उभा असलेला हा सुळका सुमारे ६० मीटर उंच आहे. जाऊन-येऊन दोन-तीन तास पुरतात. नशीब जोरावर असेल तर लाटांमध्ये डॉल्फिन किंवा व्हेल दिसतो. जमीन मात्र दलदलीची आहे आणि कड्याला कठडा नाही. तेव्हा मुलांचा हात सोडू नका.

पांढरी वाळू, जुनी जखम

अखमेलविखच्या किनाऱ्यावरची पांढरीशुभ्र वाळू पाहून आपण स्कॉटलंडमध्ये आहोत हेच विसरायला होते. शिंपल्यांच्या चुऱ्यापासून ही वाळू बनली आहे. पाण्यात पाय घातला, की मात्र आपण कुठे आहोत ते लगेच आठवते! इथून किनाऱ्यालगतची वाट जुन्या पाणचक्कीच्या पडक्या भिंतींपाशी जाते.

अशा पडक्या भिंती या मुलखात जागोजागी भेटतात, आणि प्रत्येक भिंत काही काळाच्या ओघात पडलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जमीनदारांनी मेंढ्यांच्या मोठ्या कुरणांसाठी आतल्या दऱ्यांमधली गावेच्या गावे उठवली. माणसे खडकाळ किनाऱ्यावर लोटली गेली. कित्येकांनी देश सोडला. जे राहिले ते जमिनीचे लहान तुकडे खंडाने कसत राहिले. त्यांच्या वंशजांनी १९९३ मध्ये वर्गणी गोळा करून तीन लाख पौंडांना सुमारे २१ हजार एकरांची जमीनदारीच विकत घेतली! स्कॉटलंडमधल्या अनेक गावांना या घटनेने वाट दाखवली. २००५ मध्ये इथल्या लोकांनी शेजारची आणखी सुमारे ४४ हजार एकर जमीन घेतली. सुलवेन हा देखणा डोंगरही तिच्यातच आहे.

डोंगर आणि गुहा

सुलवेनची उंची ७३१ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडाहूनही कमी. पण सपाट माळावर तो एकटाच असा उभा आहे, की नजर हटत नाही. माथ्यावर जाऊन परतायला अख्खा दिवस लागतो आणि शेवटचा चढ दमछाक करतो. तेवढी तयारी नसेल तर लॉखिनव्हरहून ग्लेनकॅनिस्पपर्यंतच चाला. वाट सोपी आहे आणि तळ्यापलीकडे सुलवेन दिसत राहतो.

मुलांना सर्वांत आवडतील त्या 'हाडांच्या गुहा'. ओढ्याच्या काठाने वर चढत जायचे. वाटेत ओढा चुनखडकात गडप होतो आणि खाली पुन्हा उसळून वर येतो. गुहांमध्ये १८८९ पासून झालेल्या उत्खननात रेनडिअर, अस्वल आणि लिंक्स यांची हाडे सापडली. हे तिन्ही प्राणी स्कॉटलंडच्या रानातून केव्हाच नाहीसे झाले होते. ही फेरी साधारण दोन तासांची आहे.

खडकांचे कोडे

नॉकनच्या कड्यावर खडकांचे कोडे पाहायला मिळते. इथे वरचा खडक सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीचा, तर त्याखालचा सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. जुना वर आणि नवा खाली, हे कसे? दोन भूखंडांची टक्कर झाली तेव्हा जुना थर रेटला जाऊन नव्यावर चढला. बेन पीच आणि जॉन हॉर्न या भूवैज्ञानिकांनी या प्रदेशाचा कसून अभ्यास केला आणि १९०७ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा आहे. असिंटमधला सर्वांत जुना खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा!

हक्क आणि जबाबदारी

२००३ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये कोणालाही बहुतेक मोकळ्या जमिनीवरून चालण्याचा हक्क मिळाला आहे. मात्र तो जबाबदारीने वापरायचा. उघडलेले फाटक पुन्हा लावा. पिकात शिरू नका. वसंतात कोकरांपासून दूर राहा. उन्हाळ्याच्या अखेरीपासून हरणांच्या शिकारीचे दिवस असतात, तेव्हा डोंगरात जाण्याआधी स्थानिक चौकशी करा.

हे लक्षात ठेवा

* केव्हा जावे : मे आणि जून उत्तम. जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असतो.
* कसे जावे : इन्व्हरनेसपर्यंत रेल्वे. पुढे लॉखिनव्हर रस्त्याने सुमारे १५० कि.मी. बस कमी असल्याने मोटार सोयीची. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, पण शेवटचे रस्ते एकेरी आणि अरुंद. समोरून गाडी आली की रुंद जागी थांबून वाट द्यावी लागते.
* काय न्यावे : पाणी न शिरणारे बूट, पावसाळी कोट, गरम कपडे, कागदी नकाशा. मोबाइलच्या भरवशावर राहू नका.
* सांभाळा : उन्हाळ्यात 'मिज' नावाच्या चिलटांचे थवे चावून हैराण करतात. वारा असला की त्रास कमी होतो. अंगभर कपडे आणि चिलटांचे मलम जवळ हवेच.
* जेवण : शाकाहारी मंडळींनी स्वयंपाकघर असलेले घर घ्यावे आणि डाळ-तांदूळ इन्व्हरनेसमध्येच भरून घ्यावेत.