इन्युइट लोकांचे दात: रीलमध्ये न सांगितलेली अर्धी गोष्ट

परवा एक रील बघितलं. ‘इन्युइट लोक ब्रश करत नव्हते, तरी त्यांचे दात किडत नव्हते. टूथपेस्ट म्हणजे निव्वळ धंदा!’ यातलं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं आज सांगते.

आधी खरं अर्धं. आर्क्टिकमधले इन्युइट पिढ्यान् पिढ्या सील, व्हेल, कॅरिबू आणि मासे खाऊन जगले. त्यांचे दात झिजायचे, कारण बुटांसाठी लागणारं कातडं बायका दातांनी चावून मऊ करायच्या. पण कीड क्वचितच लागायची. तोंडातले बॅक्टेरिया साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचं कठीण आवरण विरघळवतं. जेवणात साखर आणि पीठच नाही, तर आम्ल होणार कशाचं?

मग व्यापारी आले. फर द्या, पीठ, साखर, चहा घ्या. १९३० च्या दशकात वेस्टन प्राइस हा अमेरिकन डेंटिस्ट अलास्कात फिरला. त्याचे सगळेच निष्कर्ष आज मान्य नाहीत, पण दुकानातलं अन्न जिथे पोहोचलं तिथे दात किडलेले त्याला दिसले.

आता कॅनडातलं २००८-०९ चं सर्वेक्षण बघा. ३ ते ५ वर्षांच्या इन्युइट मुलांपैकी ८५ टक्क्यांहून जास्त मुलांना दातांची कीड लागलेली होती. इतक्या लहान वयात!

मग काय, ‘गोड खाऊ नका, ब्रश करा’ म्हटलं की झालं? नुनावुतमध्ये २५ वस्त्या आहेत आणि एकीतून दुसरीत जायला रस्ता नाही. ताजी भाजी प्रचंड महाग. बहुतेक ठिकाणी डेंटिस्ट विमानाने येतो, काही दिवस थांबतो आणि जातो. मुलाचे बरेच दात किडले असतील, तर भूल देऊन उपचार करायला त्यालाच विमानाने न्यावं लागतं. थोडक्यात, साखर वस्तीला आली, डेंटिस्ट मात्र पाहुणाच राहिला.

उपाय सुचला नव्हता असं नाही. १९७२ मध्ये कॅनडाने फोर्ट स्मिथला डेंटल थेरपिस्ट घडवणारी शाळा काढली. थेरपिस्ट म्हणजे पूर्ण डेंटिस्ट नव्हे, पण दात भरणारा, काढणारा, वस्तीतच राहणारा माणूस. सरकारने निधी थांबवला आणि २०११ मध्ये ती शाळा बंद पडली.

अलास्कातल्या मूलनिवासींच्या आरोग्य संस्थांनी २००३ मध्ये आपली मुलं हेच शिकायला थेट न्यूझीलंडला पाठवली. ती परत येऊन कामाला लागली, तर अमेरिकेतली डेंटिस्टांची संघटना कोर्टात गेली! २००७ मध्ये निकाल थेरपिस्टांच्या बाजूने लागला.

म्हणून पुढच्या वेळी ते रील आलं, की ब्रश फेकू नका. त्या लोकांच्या ताटात साखर नव्हती, आपल्या चहात आहे. आणि कुणाचे किडलेले दात बघून ‘आळशी असणार’ म्हणण्याआधी एक विचारा: याच्या घरापासून डेंटिस्ट किती लांब आहे?

चला, भेटू पुढच्या भागात!