आर्ताची श्रद्धा

पौष वद्य एकादशीस त्र्यंबकेश्वरी श्रीनिवृत्तिनाथांची यात्रा भरते. दिंड्या परततात, वाटेवरची धूळ खाली बसते, आणि पाठोपाठ फेब्रुवारीत नाशिकरोडला पुणे रस्त्यावरील बाल येशूच्या मंदिरी दुसरी यात्रा भरते. दूरदूरच्या गावांहून ख्रिस्ती भाविक येतात, मेणबत्त्या लावतात, गुडघे टेकतात. त्या रांगेत कपाळी कुंकू असलेल्या सुवासिनीही उभ्या दिसतात. कोणाचे मूल आजारी, कोणाचा संसार मोडकळीस आलेला. गोदातीरी वाढलेल्या माणसास याचे नवल वाटत नाही. संकटात सापडलेला जीव दार ठोठावतो, एवढे त्याला ठाऊक असते.

परंतु दार ठोठावल्यावर मिळते काय? दुःख टळते काय? भाविकाच्या मनात हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच. त्याचे उत्तर शोधताना आज आपल्याच नाशिक जिल्ह्यातील एका साध्वीच्या चरित्राकडे वळावयाचे आहे. ती ख्रिस्तभक्त होती. निष्ठेची कसोटी सर्व पंथांत सारखीच असते, म्हणून हे चरित्र आपणही ऐकण्याजोगे आहे.

प्रथम पूर्वरंगातील थोडे निरूपण. 'श्रद्धा' हा शब्द 'श्रत्' आणि 'धा' यांच्या योगाने सिद्ध होतो. 'धा' म्हणजे ठेवणे. 'श्रत्' हे वैदिक निघंटूने सत्याच्या नामांत गणले आहे. भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध हृदयवाचक प्राचीन धातूशी जोडतात. हृदय जेथे ठेवावे ती श्रद्धा. विशेष असे की, ख्रिस्ती लोकांच्या लॅटिन श्रद्धासूत्राचा आरंभ ज्या 'क्रेदो' या पदाने होतो, तेही याच कुळातील आहे असे त्या शास्त्राचे मत आहे. ऋग्वेदातील श्रद्धासूक्त म्हणणारा ऋषी आणि रोमेत प्रार्थना करणारा भक्त यांच्या ओठी एकाच मुळाचा शब्द होता. म्हणजे श्रद्धा हा कोणाशी केलेला सौदा नव्हे, ती आपले हृदय कोठे ठेवले आहे याची खूण आहे.

गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी भक्तांचे चार प्रकार सांगितले: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. आपण बहुधा ज्ञानी भक्ताचे गोडवे गातो आणि आर्ताला खालची पायरी देतो. तथापि भगवंतांनी चौघांनाही उदार म्हटले आहे, हे विसरू नये. आजचे आख्यान एका आर्त भक्ताचे आहे. त्याआधी याच नगरीतील एक लहानसा दृष्टांत.

आपले शरणपूर चर्च मिशनरी सोसायटीच्या रेव्हरंड विल्यम प्राइस यांनी १८५४-५५ च्या सुमारास वसविले. समुद्रावर गुलामांच्या गलबतांतून सोडविलेली आफ्रिकेतील पोरकी मुले मुंबईस उतरविली जात आणि येथे पाठविली जात. त्यांना विद्या मिळे, सुतारकी-लोहारकीसारखे कसब मिळे. या शाळेतील जेकब वेनराइट हा तरुण पुढे डॉक्टर लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीस आफ्रिकेत गेला. १ मे १८७३ रोजी डॉक्टर चितांबोच्या गावी निवर्तले. सोबत्यांनी त्यांचे हृदय तेथील वृक्षातळी पुरले, तेव्हा प्रार्थना वाचली ती या जेकबने. मग त्या मंडळींनी तो देह अनेक महिने रानावनांतून वाहून समुद्रकिनारी आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला, तेव्हाही जेकब तेथे उपस्थित होता. बालपणीच ज्याचे घरदार हिरावले गेले, त्याने दुसऱ्याचे ओझे शेवटपर्यंत वाहिले. आर्ताची श्रद्धा अशी कृतीत उतरते.

आता उत्तररंग. नाशिकजवळच्या जलालपुरी १८६८ साली गोखल्यांच्या घरी मनकर्णिका जन्मली. वडिलांचे सोवळे इतके कडक की घरातील माणसे त्याखाली दबून गेलेली. तिचा विवाह नारायण वामन टिळकांशी झाला. तीच लक्ष्मीबाई. यजमान विद्वान, रसाळ कवी. परंतु एका जागी न ठरणारे आणि हाती आलेला पैसा दुसऱ्यास देऊन मोकळे होणारे. संसाराची घडी बसेना. पहिली अपत्ये बालपणीच गेली. पुढे दत्तू वाढला, एवढाच काय तो आधार.

टिळक जिज्ञासू भक्त. सत्य कोठे आहे या शोधात त्यांनी शास्त्रे धुंडाळली. १८९३ साली राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे चित्त वेधले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. भक्तिपंथाचे ऋण त्यांनी कधी नाकारले नाही.

परंतु जिज्ञासूचा शोध पुरा होतो, तेव्हा त्याचे मोल घरातील दुसऱ्या जिवास द्यावे लागते. सत्तावीस वर्षांची लक्ष्मीबाई, कडेवर लहान मूल. पती जिवंत, आणि तरी त्याच्या घरचे दार बंद. समाजाच्या दृष्टीने ती धड सवाशीण नाही, धड विधवा नाही. चारपाच वर्षे ती नातलगांच्या आश्रयाने राहिली. काही काळ पंढरपुरासही होती. त्या दिवसांत तिचे हृदय ठेवले होते ते आपल्याच कुळधर्मात. एकाच्या श्रद्धेने दुसऱ्याच्या संसारावर केवढा आघात होतो, हे झाकून ठेवून या कथेचे गुणगान करता येणार नाही. तिनेही ते झाकले नाही.

अखेर पतीपत्नीची अहमदनगरास पुन्हा गाठ पडली. तरी ती लगेच ख्रिस्ती झाली नाही. तिची चूल निराळी, सोवळे निराळे. टिळकांनीही बळजबरी केली नाही. राहुरीच्या वास्तव्यात तिच्या मनाचा निश्चय झाला, आणि तो कसा झाला हे ध्यानात घ्यावे. हा उच्च, तो नीच, हा भेद देवाने केलेला नाही, अशी तिची खात्री पटली. कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचे तिने ठरविले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. माहेरी ज्या सोवळ्याने घर गुदमरले होते, त्याच सोवळ्याची गाठ तिने स्वतःच्या हाताने सोडविली.

तेव्हा १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ पडला होता. पोरक्या मुलांना टिळकांच्या घरी थारा मिळू लागला. स्वतःची मुले गमावलेली ही माउली परक्यांच्या मुलांची आई झाली. पुढे अहमदनगरास त्र्यंबक बापूजी ठोमरे हा तरुण तिच्या घरी पुत्रवत राहिला. तोच आपला बालकवी. त्याने आपला धर्म सोडला नाही, आणि त्या घरातील त्याचे पान त्यामुळे कधी वेगळे पडले नाही.

मग पुन्हा आघात. ५ मे १९१८ रोजी रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले. ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळकांनी देह ठेवला. वर्षाच्या अंतराने पुत्र आणि पती दोघेही गेले. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती पत्करली होती. तेव्हा मागे द्रव्य ते काय राहणार? राहिले ते एक अपुरे काव्य. येशूचे चरित्र ओवीबद्ध करणाऱ्या 'ख्रिस्तायना'चे दहाअकरा अध्यायच झाले होते.

शाळेची पायरी न चढलेल्या या विधवेने ते काव्य हाती घेतले. पुढचे ६४ अध्याय तिने रचले. शेवटचा अध्याय चिरंजीव देवदत्तांनी लिहून ग्रंथ सिद्धीस नेला. जात्यावर बसून आयाबायांनी जी ओवी घरोघर जागती ठेवली, तीच तिला या कामी उपयोगी पडली. धर्म बदलला तरी मायबोलीने तिचा हात सोडला नाही. टिळकांच्या घरात कीर्तन होते, भजन होते, ओवी होती. उपास्य निराळे, पण आळवणी तीच.

तिची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. एवढे भोगूनही त्या ग्रंथात तक्रारीचा सूर नाही, उलट पानोपानी हसू आहे. सोवळ्यावर, पतीच्या विसराळूपणावर आणि सर्वांत अधिक स्वतःवर ती हसते. मिळालेले घाव विसरल्याने असे हसू येत नाही. ते ज्याच्या पायी ठेवले, त्याच्याकडून परत मागून घ्यावे लागत नाहीत, म्हणून येते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकातच तिची प्राणज्योत मालवली.

श्रोते हो, या कथेचे तात्पर्य धर्मांतरात शोधू नये. आपापल्या कुळदैवताच्या पायी निष्ठा असावी, हेच थोरांचे सांगणे आहे. परंतु निष्ठा कशी ओळखावी, ते या आर्त भक्ताकडून शिकावे. तिच्या प्रार्थनेने दुष्काळ टळला नाही, मृत्यू मागे फिरला नाही. तिचे हृदय योग्य ठिकाणी ठेवलेले होते, म्हणून हात मोकळे राहिले. त्या हातांनी तिने पोरक्यांना घास भरविला आणि अपुरा ग्रंथ पुरा केला. आपल्या घरी देवापुढे निरांजन लागेल, तेव्हा दारच्या भुकेल्याला विन्मुख पाठवू नये, आणि दुसऱ्याच्या देवापुढे लागलेला दिवा परका मानू नये. ज्याच्या त्याच्या संकटकाळी ज्याचा त्याचा देव त्याला असेच बळ देवो, हीच रामरायाच्या चरणी प्रार्थना.